हाफ क्लच

एरवी मी केळी भरतो.
सावद्याहून गाडी सुटली की रात्र मागे लागते.
माल पिकायच्या आत पोचायचं, एवढंच आमचं शास्त्र.
चहासुद्धा उभ्यानं.

आणि ह्या आठवड्यात ताशी बारा.
पुढे चौदा सायकली, नवापूर ते रावेर,
मागे माझी पिकअप. हौद्यात चौदा बॅगा,
पाण्याचे जार, दोन डझन ट्यूब, हवेचा उभा पंप,
खारे शेंगदाणे, मोसंबी,
आणि मागच्या फाळक्याला लाल अक्षरांत पाटी:
पुढे सायकली आहेत.

मला नियम एकच सांगितलेला,
शेवटच्या सायकलीच्या पुढे जायचं नाही.

शेवटची सायकल म्हणजे विद्युल्लताबाई.
वय एकसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त.
हिरवं हेल्मेट, डाव्या गुडघ्याला पट्टा,
सीटखाली मिणमिणणारा लाल दिवा.
तीन दिवस झाले,
जगात दुसरं काही मी बघितलेलं नाही.

चढ आला की खिडकीतून विचारायचो,
ताई, बसता का? जागा आहे.
माशी हाकलावी तशी मान हलायची, मागे न वळता.
पुण्याचा एक तरणाबांड पोरगा
विसरवाडीच्या अलीकडेच येऊन बसला होता केबिनमध्ये,
बूट काढून, डोळे पुसत.
त्याला मी मोसंबी सोलून दिली.
बाईंना मात्र काही देता येत नव्हतं,
फक्त मागे राहता येत होतं.

अनेरच्या पुलावर एका म्हाताऱ्यानं हात केला.
डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा.
"कथा चालनात रे भो ह्या लोके?"
"रावेरले."
"मांगे गाडी शे ना तुन्ही?"
"शे."
"मंग सायकल कसाले?"
मी हसलो. हसण्यावारी नेलं, खरं तर.
पहिला गिअर, पाय अर्धा दाबलेला,
पुन्हा त्या लाल दिव्यामागे.

अडावद सुटलं आणि वास आला.
हाफ क्लचवर तीन दिवस! प्लेट जळणारच.
गाडीनं एक गचका दिला आणि रस्त्याच्या कडेला
बसली ती बसलीच.
पुढचे तेरा केव्हाच यावलच्या वाटेला.
फोनला रेंज नाही.
दोन्ही अंगांना केळीच केळी, आणि इंजिन बंद झाल्यावर
पहिल्यांदा ऐकू आलं,
ठिबकच्या नळीतून कुठंतरी पाणी सिस्सत होतं,
फाटकी पानं एकमेकांना घासत होती.
इतकी वर्षं ह्या रानातून माल उचलला,
हा आवाज होता इथं?

पाठीशी असलेली घरघर थांबली
म्हणून असेल, बाई थांबल्या.
वळून आल्या. वाटेवर त्यांचा चेहरा
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मीठ उतरलेला, लालबुंद.
गाडीभोवती एक फेरी मारली,
वास घेतला, आणि म्हणाल्या,
"सुपडूभाऊ, बसता का?
कॅरिअर नाही, पण बघू."

मग धानोऱ्याच्या दिशेनं गेल्या, मिस्त्री आणायला.
सहा किलोमीटर. मागे कोणी नाही.
तो लाल दिवा मी लहान होताना पाहिला,
वाटाण्याएवढा, मोहरीएवढा,
मग नुसता डोळ्यातला.
स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो,
उगाचच पाय क्लचवर.

दिवेलागणीला रज्जाक मिस्त्री मोपेडवरून आला,
प्लेट मांडीवर धरून.
त्याच्या मागून, बऱ्याच मागून,
एक पांढरा दिवा हळूहळू येत होता.
बाईंना सरळ यावलला जाता आलं असतं.

मिस्त्री गाडीखाली सरकला. खालूनच ओरडला,
"इतकी हळू कशाला चालवली रे भो?
नवी गाडी ना ही!"
मी काही बोललो नाही.
फाळक्यावरची धूळ हातानं पुसली,
आणि बॅटरी पाटीवर धरली.