उलटा डबा

पंचफुलाच्या प्रांजलीनं तेलाचं पाकीट पालथं करून
बारीक अक्षरं वाचली,
"लिटर म्हंजे किलो नसते, माय.
हे नऊशे दहा ग्राम हाये."

आम्ही ओट्यावर वांग्याच्या खुला निवडत होतो.
बेबीताईचे हात थांबले.
लग्नाला बावीस वर्षं, महिन्याला तीन पाकिटं,
दर पाकिटामागं नव्वद ग्रॅम...
बोटं संपली तेव्हा तिनं हिशेब सोडला.
"एवढं तेल गेलं कुठं वं बाप्पा?"
जसं काही तिच्याच हातून सांडलं होतं.

त्या महिन्यापासून डबा.
पंधरा किलोचा, आर्वीच्या ठोक दुकानातून.
एकवीसशे तीस रुपये, पाच वाटे,
एकीचे चारशे सव्वीस, रोख.
किलोमागं सतरा वाचतात.
एसटीत कंडक्टर म्हणतो, बाईचं तिकीट अर्धं,
डब्याचं लगेज पूर्ण.
त्याचे दहा. म्हणजे एकीला दोन.
हे सगळं मी एका जुन्या पावतीबुकात मागच्या बाजूनं लिहिते.
नवरा म्हणाला, एकुणपन्नास रुपयांसाठी एवढा खटाटोप?
मी म्हटलं, तुमच्या खर्र्याचा हिशेब
या बुकात अजून सुरू केला नाही मी.

पहिल्याच वाटणीला भांडण.
मैना म्हणे, पळी नलूच्या पातेल्यावर
जास्त वेळ ठिबकत होती.
नलू म्हणे, मोज मग थेंब.
दोघी तीन दिवस एका नळावर
एकमेकींकडे पाठ करून पाणी भरत होत्या.

तेव्हा गोपिकाबाई आठवली.
तिला आधीच विचारलं होतं, सहावी होतेस का?
तिनं मान हलवली होती.
"दुकानदार वहीत लिहून घेते.
तुमचा डबा कुठं लिहून घेते?"

तीच बरी, पंचफुला म्हणाली.
जिचा वाटा नाही, तिनंच मापावं.

आणि खरंच, काय हात तिचा!
काटा ठरेपर्यंत श्वास धरायची,
पळी कडेला तीनदा टेकवायची,
सगळ्यांना सारखी तीनदा.
शेवटी डबा परातीवर उलटा ठेवायचा, रात्रभर.
सकाळपर्यंत जे निथळेल ते मापणारीचं.
वाटीभर निघायचं, उन्हाळ्यात थोडं जास्त.
फुकट नको म्हणून ती येताना
पदरात तरोट्याची भाजी आणायची
आणि आम्हीही, कुणी काही न बोलता,
डबा जरा लवकर रिकामा झाला म्हणायला लागलो.

असे अकरा महिने.
वाचलेल्या पैशांचं काय झालं म्हणाल तर
नलूनं चष्म्याची काडी बदलली,
मैनेनं कुणाला सांगितलं नाही,
माझे डाळीत गेले.
एका ठिकाणी वाचतं ते दुसरीकडं वाट पाहत असतं.

काल डबा आला. परात मांडली, काटा पुसला.
गोपिकाबाई आली ती रिकामी किटली घेऊन.
कनवटीची गाठ सोडली,
दहा-दहाच्या नोटा, थोडी चिल्लर.
नोटांना जवसाचा वास,
डब्यात तळाशी ठेवल्या असणार.
"सहा वाटे केले तं तीनशे पंचावन होतात," म्हणाली,
"पोरीकडून करून घेतलं. मोजून घ्या."

मी मोजले. बरोबर होते.
पावतीबुकात सहावं नाव लिहिलं,
बेबीताईनं सरकून तिला जागा केली.

मग पंचफुलानं पळी उचलली,
आणि परत खाली ठेवली.
नलूनं मैनेकडे पाहिलं, मैनेनं माझ्याकडे.
आता सगळ्यांचाच वाटा होता.
गोपिकाबाई आपल्या हातांकडे पाहत राहिली,
जसे ते आजच तिचे झाले होते.

डबा मधोमध.
झाकण उघडायचं राहिलंय.