धाकटी

मायणीच्या तळ्यावर वनखात्याची पाटी,
गंज चढलेली, अक्षरं शाबूत:
अडई.
खाली इंग्रजी नाव, तेही देवनागरीत:
लेसर व्हिसलिंग डक.

नववी ब हसली.
एकानं बोटांची बंदूक करून
बदकांवर उजेड सोडला, झुंईऽ.
तो लेसर नव्हे रे, मी म्हटलं.
लेस म्हणजे कमी. लेसर म्हणजे
आणि अडले.

लेस हीच मुळात तुलना.
तिच्यावर पुन्हा प्रत्यय,
उतरंडीच्या टोकाला बोळकं
आणि बोळक्यावर आणखी एक बोळकं.
बाकीच्यांना 'पेक्षा' लागतं, वाक्यात दुसरा माणूस लागतो.
ह्याला नाही लागत.
हे तुलना करतं आणि दुसऱ्याचं नाव घेत नाही,
जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं.
बीएच्या पुस्तकांत भेटायचं:
लेसर राजे, लेसर देव,
दोन वाइटांतलं लेसर वाईट,
सगळे कुणाच्या तरी सावलीत उभे
आणि सावली कुणाची, ते पान उलटलं तरी कळायचं नाही.

तौफिक मुलाणीचा हात वर.
"मॅडम, ही धाकटी,
मग थोरली कुठाय?"

इथं येत नाही ती, मी म्हटलं.
लांब असते. पूर्वेकडं कुठंतरी.

मालनअक्का चार वर्षांनी मोठी.
जाऊन सात झाली.
म्हणजे हिशेबानं मीच आता तिच्याहून
तीन वर्षांनी थोरली.
रेशनकार्डात तिच्या नावावर आडवी रेघ,
निळ्या शाईची, पट्टी न लावता ओढलेली.
तरी विट्याच्या सोमवारच्या गर्दीत
एखादी म्हातारी माझी हनुवटी धरते,
"तू गुरवांची धाकटी न्हवं?"
मी हो म्हणते.
कुणापेक्षा, ते तीही विचारत नाही.

अडया उठल्या तेव्हा शिट्टी वाजवत उठल्या,
पोरांनीही वाजवल्या.
येताना एसटीत कुणी लेसरचा विषय काढला नाही.

सकाळी फळ्यावर तीन रकाने आखले:
लिटल, लेस, लीस्ट.
लेसरला जागा उरली नाही.
तो खडूनं चौकटीच्या लाकडावर लिहिला, बारीक.
तास संपल्यावर फळा पुसला गेला.
पुसणाऱ्याचं फडकं
चौकटीपर्यंत पोचलं नाही.