पलीकडचं वजन

नुसतं दार उघडायलाही काही लागतं.
वहीत पहिल्या दिवशी मी एवढंच लिहिलं,
आणि खाली आकडा: सहा नॅनोकुलोंब.
गेटच्या ओंजळीत एवढा भार ओतला
की चारशे व्होल्ट पायऱ्या उतरून येतात,
परत उपसला की जागच्या जागी थबकतात.
सेकंदाला वीस लाख वेळा.

या उपशात अर्धी ऊर्जा भरताना जाते,
उरलेली रिकामं करताना.
रोध बदलून पाहिला, लहान, मोठा, मग चिमटीत न मावणारा.
वेग बदलतो, लाट शिंगं उगारते किंवा सुस्तावते,
पण हिशोब तोच.
पेटीतून काही वाहो न वाहो,
दारवान आपला पगार घेतो:
बहात्तर मिलिवॅट, रोज, रविवार धरून.

थुरे म्हणाला, ग्राहकाला तीस हवेत.
आणि वेग?
वेगही हवाच, म्हणाला, आणि जेवायला गेला.

फेब्रुवारीत ऑलबोर्गला चारलाच अंधारतं.
त्या अंधारात मी वरच्या आणि खालच्या स्विचमधली
उसंत कमी करत गेले.
चाळीस नॅनोसेकंद. तीस. बावीस.
अठराला टप् असा आवाज झाला,
हळूच, कुणी बोटाने शेंग फोडावी तसा,
आणि दोन्ही दारं एकदम उघडी सापडलेल्या त्या क्षणाचा वास
खोलीभर पसरला.
रानवाने खिडकी उघडली. बर्फ टेबलापर्यंत आलं.
ती फेरो बेटांवरची, तिला थंडीचं काही वाटत नाही.
म्हणाली, तुझे वडील पूल उघडायचे ना?
त्यांना विचार किती थांबायचं.

एकतीस वर्षं उघडत होते.
घंटा, मग अडसर, मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीत ते मोठ्याने मोजायचे,
शेवटचा सायकलवाला दिसेनासा झाल्यावरही सातपर्यंत.
मी केबिनच्या स्टुलावर बसून
जहाजांची नावं वहीत उतरवायचे
आणि मला वाटायचं, वडील विसरलेत पुढे काय करायचं ते.

रविवारी गेले. राईचा पाव, हेरिंग, कांदा.
थांबण्याचं विचारायचं राहूनच गेलं.
विचारलं ते भलतंच:
एवढासा मोटर, एवढा लोखंडाचा पूल,
उचलायचा कसा?

ते हसले. काटा ताटाच्या काठावर आडवा ठेवला,
एका टोकाला बोट, दुसऱ्याला बटाटा.
मोटर कुठे उचलतो, म्हणाले.
मोटर नुसतं मन वळवतो.
उचलतं ते पलीकडचं वजन.
आणि पूल खाली आला की
तेच वजन वर जाऊन बसतं, पुढच्या जहाजासाठी.

सोमवारी हाताने वेटोळं गुंडाळलं,
तांब्याची तार, अकरा फेरे, नववा जरा सैल.
गेटमधून उतरणारा भार
रोधाच्या पोटात ऊब होऊन जाण्याआधी
त्या वेटोळ्यात वळवला, आणि तिथून परत
संधारित्राकडे, जिथून निघाला होता.
हे काही मी शोधलेलं नाही,
शिकताना परीक्षेत लिहिलंही होतं,
सहा गुणांना.

पडद्यावरची रेघ पूर्वी कड्यासारखी होती,
आता टेकडीसारखी चढते.
एकतीस मिलिवॅट.
उघडायला चार नॅनोसेकंद लागायचे, आता नऊ.
थुरे आकड्यांकडे बघत राहिला.
म्हणाला, एकतीस म्हणजे तीस नव्हे.
म्हटलं, नव्हे.

उसंत पुन्हा चाळीसवर नेली आहे.
वडिलांचा पूल आता कुणीतरी दूर बसून
कॅमेऱ्यातून उघडतं,
घंटा मात्र त्यांच्या बाल्कनीत ऐकू येते.
काल फोनवर बोलता बोलता ती वाजली
आणि ते गप्प झाले.
मीही काही बोलले नाही.
तारेच्या या टोकाला ऐकू येत होता
त्यांचा श्वास, चार, पाच,
खाली पाण्यावर कुठेतरी एक इंजिन,
सहा