डावा पंखा

बाजारात प्लास्टिकचे मिळतात, चाळीस रुपयांना तीन.
हितार्थ म्हणाला, आजोबा, आणू?
म्हटलं आण, तुझ्या बोटीला लाव.
छत्तीस वर्षं मकरपुऱ्यात लेथसमोर उभा राहिलेला माणूस
हातभर बोटीसाठी पंखा विकत घेतो,
हे कळलं तर माझं व्हर्निअर गंजेल.

पितळ कुठलं? दारावरच्या पाटीचं.
दांडिया बाजारातली खोली सोडली तेव्हा
मीच स्क्रू फिरवून काढली होती.
इथे मांजलपूरला सोसायटीच्या पाट्या सगळ्या सारख्या,
नुसते नंबर.
जुनीवर वडिलांचं नाव, गुजरातीत कोरलेलं:
तुळाजी बळवंत इंगळे,
शिरोरेघेशिवाय.
लहानपणी वाटायचं, घाईत निघाले असतील,
टोपी घालायची राहिली.

कुंदा म्हणाली, आता मामंजींना पाण्यात घालणार?
मी पेन्सिलीनं विड्याची पानं काढत होतो पाटीवर.
दोन पानं कोऱ्या कडेतून निघाली.
तिसऱ्याला जागा पुरेना,
ते नावात शिरलं
आणि एक ळ घेऊन बाहेर आलं.

दहाचा रॉड, त्यात तीन तिरक्या खाचा.
कोनमापक हितार्थच्या कंपासपेटीतलं,
शून्याजवळ दातांनी चावलेलं.
टाकणखाराचा लेप, चांदीचा डाख,
टॉर्च घडियाळी पोळच्या रमणिकभाईंची, उद्या परत द्यायची.
ज्योत पात्यावर नाही, बाळा, मधल्या गोळ्यावर धर.
जाड आधी तापू दे,
पातळ त्याच्या मागून येतं.
मग चांदी एकदाच धावते,
उंदीर दिसावा न दिसावा तशी.
तेवढ्यात बोलायचं नाही.
तो बोलला. पुन्हा लावली.

चिंचेच्या पाण्यात रात्रभर.
सकाळी काळं गेलं,
पण पातं मला थोडं लाजल्यासारखं वाटलं, तांबूस.

आता तोल.
दोन ब्लेड उभी केली, त्यांच्या धारेवर दांडी,
दांडीवर पंखा.
जड पातं हळूच खाली जातं
आणि तिथेच थांबतं, खोटं बोलता येत नाही त्याला.
आमच्यात उलटं झालं: एक पातं सारखं वर.
हितार्थनं हात लावून खाली आणलं, पुन्हा वर.
कोणतं ते सांगायला नको.
कोरणाऱ्यानं सत्तर वर्षांपूर्वी
जेवढं पितळ उकरून फुंकून टाकलं होतं
तेवढं ते हलकं होतं.

भरता आलं असतं. डाखाचा एक थेंब.
मी कानस घेतली
आणि कोऱ्या दोघांनाच घासत बसलो,
तीन संध्याकाळी,
गॅलरीत पिवळा भुगा, कुंदाच्या तुळशीतसुद्धा.
शेवटी पंखा कुठेही सोडा, तिथेच राही.

रविवारी गोत्रीच्या तळ्यावर.
शेंगदाणेवाला, दोन कुत्री, एक रिटायर्ड पोस्टमास्तर, एवढे लोक.
स्विच दाबला
आणि बोट मागे यायला लागली.
सरळ, ऐटीत, पार्श्वभाग पुढे करून
माझ्या चपलेपर्यंत.
पोस्टमास्तर म्हणाले, रिव्हर्स सरस छे.
पाती मी उलट्या हाताची पिळली होती.
छत्तीस वर्षं, आणि डावं-उजवं चुकलं.

हितार्थ हसत होता, मग हसायचा थांबला,
कारण मी हसत नव्हतो.
मग मीच सुरू केलं.

पंखा नाही बदलला.
मोटरच्या वायरी अदलाबदल केल्या,
लाल काळीच्या जागी.
डावा तो डावाच राहिला, बोट गेली पुढे,
कमळांना वळसा घालून, गवताशी अडखळून, तरी पुढे.

हा मिनिटाला किती फिरतो, आजोबा?
लोड असताना, चारेक हजार.
तो बोटांवर काहीतरी करत राहिला.
म्हणजे तुमच्या बाबांचा ळ
चार हजार वेळा?

शाफ्टच्या नळीत ग्रीस भरलंस का, मी विचारलं.
आधी ते बघ.