कोल्हेकुई

परळच्या दवाखान्यातून निघालो तेव्हा दहा वाजत होते.
बाबांच्या दोन्ही कानांत नवी मशीनं, वालाच्या दाण्याएवढी,
आणि रस्त्यावरचा एकेक हॉर्न त्यांना दचकवत होता.
घरी जायचं होतं. डाळ भिजत होती.
सिग्नलला त्यांनी मागून खांद्यावर टिचकी मारली:
"शिवडीला घे. ओहोटी असेल."

एकतीस वर्षं ते गोदीत क्रेनवर बसले.
क्रेननं सावकाश कान खाल्ले;
पेन्शनच्या कागदांत त्याची ओळसुद्धा नाही.
शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो,
माना उलट्या करून चिखल गाळत,
आणि सगळे एकदम बोलत होते
पंगतीत वाढपी येईपर्यंत बोलतात तसे.
बाबा कठड्याला धरून. बराच वेळ.
"हे आवाज करतात?" म्हणाले.

मग घर राहिलंच.
कोस्टल रोडला स्कूटर चालत नाही, सी लिंकलाही नाही,
म्हणून समुद्र कधी दिसायचा,
कधी माहीमपाशी नुसता वास.
कार्टर रोडच्या खडकांत, पाणी ओसरलेल्या डबक्यात
शाळा बुडवलेल्या एका पोरानं दाखवलं:
नखाएवढा संन्यासी खेकडा शंख बदलत होता.
उघडा, गुलाबी,
जुन्यातून निघालेला, नव्यात न शिरलेला.
बाबांनी तोंड फिरवलं,
कपडे बदलणाऱ्याकडे बघू नये, तसं.

मार्वेला स्कूटर होडीत चढवली.
पलीकडे, मनोरीच्या खाडीत, कयाक भाड्यानं देणारी
फ्लोरी कोरिया म्हणाली, सत्तरच्या वर नाही.
"एकोणसत्तर," बाबा म्हणाले. ते बहात्तर आहेत.
मशीनं रुमालात बांधून डिकीत ठेवली.
मी वल्हं मारलं की गोल फिरायची,
ते तिवरांच्या मुळांमधून सरळ निघून गेले,
एकदाही मागे न बघता.

गोराईच्या रस्त्यावर अंधारून आलं.
पेट्रोलचा काटा बघायला थांबले
आणि ते सुरू झालं.
आधी एक, बारीक. मग पाच-सहा, एकमेकांच्या अंगावर पडत.
खाडीपलीकडे चारकोपच्या बिल्डिंगांत दिवे लागलेले.
मी वळले. बाबा बुटातली वाळू झटकत होते.
किल्ली सापडेपर्यंत, रुमालाची गाठ सुटेपर्यंत
सगळं गप्प.

"काय झालं?"
"कोल्हे होते."
मशीनं कानांत बसवत ते थांबले.
"कसे ओरडले?"

मी एक्केचाळीस वर्षांची. सहकारी बँकेत, कर्ज विभागात,
लोकांना नाही म्हणण्याचा पगार घेते.
हेल्मेट काढलं. मान वर केली.
पहिला आवाज खोकल्यासारखा निघाला. दुसरा बरा.
कुठंसं एक कुत्रं भुंकलं.

बाबांनी कानामागचं बटण चाचपून आवाज वाढवला.
"हा एक झाला," म्हणाले. "बाकीचे?"