अंगठा

पहिला तास. जुलै, पण सोलापूरचा जुलै:
पंखा फिरतो आणि ऊनच वाटून देतो बाकाबाकाला.
साठ मुलं. नव्या वह्यांचा वास, नव्या ओळखीचं अवघडलेपण.
फळ्यावर मी लिहिलं : संगणक आणि समाज.
चार तास. दहा गुण.
बारा वर्षं शिकवते आहे,
बारा वर्षं दहाच गुण.

पिशवीतून पुठ्ठा काढला.
लांबट, कळकट, भोकाभोकांचा.
"काय आहे हे?"
"मिठाईचं खोकं, मॅडम. उंदरानं खाल्लेलं."
इरण्णा बिराजदार, शेवटचा बाक. वर्ग हसला.
मग भिंतीकडून कुणीतरी, जेमतेम ऐकू येईल असं :
"जेकार्डचा पत्ता आहे तो."

पुठ्ठा खिडकीपुढं धरला.
उन्हाचे ठिपके मुलांच्या शर्टांवर सांडले.
भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा उठतो.
नसेल तिथं धागा बसून राहतो.
ऊठ, बैस. हो, नाही.
एवढ्यावर चादरीत मोर उतरला,
आणि थेट नसलं तरी त्याच वळणानं
तुमच्या खिशात आत्ता जे थरथरलं, तेही.
यंत्राला मोर ठाऊक नसतो रे,
त्याला फक्त भोक ठाऊक असतं.

हे वाक्य माझं लाडकं.
दरवर्षी इथं थांबते. मुलं लिहून घेतात.

लावण्या वंगारीनं लिहून घेतलं नाही.
"माझ्या आईचा अंगठा घेत नाही मशीन," ती म्हणाली.
प्रश्न नव्हता तो. हात मात्र वर होता.

विडी घरकुल. मांडीवर सूप, सुपात तेंदूपान.
काप, भर, वळ, दोरा, तोंड मीठ.
दिवसाला हजार, सव्वीस वर्षं.
पानांनी एकेक रेघ पुसत नेली
आणि बोटं पाटीसारखी कोरी करून ठेवली.
रेशनच्या दुकानात
पूस. पुन्हा ठेव. डावा ठेव. खोबरेल लावून बघ.
लाल दिवा. लाल दिवा.
दुकानदार वाईट नाही, तोही घामाघूम होतो :
"मी ओळखतो गं नरसव्वा तुला,
पण हे ओळखत नाही, मी काय करू?"

"आजी अंगठाबहाद्दर होती," लावण्या म्हणाली,
"आई सातवी शिकली. सही करते, तेलुगूत करते, मराठीत करते.
आता सही कुणाला नको.
अंगठा द्या म्हणतात.
अंगठा विडीत गेला, मॅडम."

पंखा.

"मग चुकलं कोण?" इरण्णानं विचारलं,
या वेळी कुणी हसलं नाही.
पुस्तकात फायदे पाच आहेत, तोटे तीन.
नरसव्वा आठांतही नाही.
'अपवाद' हा शब्द आहे आमच्याकडं,
तो तिसऱ्या सत्रात येतो.

बेल झाली, तरी चारपाच जण उठले नाहीत.
लावण्या पुढं आली, पुठ्ठा उचलला,
एका भोकावर तिनं आपला अंगठा ठेवला,
सगळ्या रेघा शाबूत असलेला.
एक ठिपका विझला. बाकीचे होते तसेच.
"एका भोकानं काय होतंय," मी म्हणाले,
खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून.

भिंतीकडचा मुलगा, कोंगारी त्याचं नाव, नंतर कळलं,
दप्तर खांद्याला अडकवता अडकवता म्हणाला,
"मोराचा डोळा जातो, मॅडम.
आजोबा माग थांबवायचे.
नवा पुठ्ठा पाडल्याशिवाय
कुणाला घरी जाऊ द्यायचे नाहीत."

फळा मी पुसला नाही.
लावण्याला विचारलं, आई रेशनला कधी जाते?
पुढचा तास तिथंच घेऊ, उभ्यानं,
रांगेत जागा मिळाली तर.

"सकाळी," ती म्हणाली.
"पण लवकर या.
दहानंतर मशीनला रेंज नसते."