मागाच्या खड्ड्यात अद्रक

माग विकला त्याला तीन वर्षं झाली.
चार माणसांनी सुटा करून नेला, लाकडाच्या भावात.
खड्डा मात्र कोणी विकत घेत नाही.
तो राहिला पुढच्या खोलीत, मांडीइतका खोल.
वर फळ्या टाकून आम्ही दिवाण ठेवला
आणि पाहुण्यांना त्यावर बसवू लागलो.

आमच्या तांडापेठेच्या गल्लीत घरं इतकी खेटून
की निमजेबाईनं फोडणी दिली तर शिंक मला येते.
अंगण नाही. गच्ची नाही.
छतात एक काचेचं कवेलू आहे,
सुताचा रंग नीट दिसावा म्हणून मामाजींनी बसवलेलं.
त्यातून अकराला परातीएवढा उजेड खाली उतरतो,
दोनपर्यंत फरशी ओलांडतो
आणि भिंतीवर चढून निघून जातो.
मी त्याच्या मागं मागं डबे सरकवते.

तेलाच्या डब्यात गोडनिंब.
पेंटच्या बादलीत ओवा, पोरीच्या खोकल्यासाठी.
कान तुटलेल्या कुकरात कोरफड,
तिला पाणी द्यायचं विसरते, ती रागवत नाही.
कूलर ठिबकतो तिथं पुदिना,
जो मी लावलाच नाही,
चटणीच्या काड्या फेकल्या त्यातली एक राहून गेली.

सांभार चारदा पेरला.
चारदा उगवला, दोऱ्यासारखा लांबला,
आडवा पडला.
"दहाची जुडी भेटते बाजारात," नवरा म्हणाला.
तो इतवारीत ई-रिक्षा चालवतो, त्याला सगळ्याचा भाव माहीत.
मी म्हटलं, जुडीला उगवताना पाहता येत नाही.
तो जेवत राहिला.
पाचव्यांदा पेरला.

अद्रकाचं वेगळं झालं.
कांद्याच्या टोपलीत विसरलेल्या तुकड्याला
नवतपात हिरवा डोळा फुटला.
याला ऊन कमी चालतं म्हणे, गारवा लागतो.
मी दिवाण ओढला, फळ्या काढल्या.
आत अजून खळीचा वास.
माती घालायच्या आधी तळ झाडला
तर हाताला एक कांडी लागली,
थोडं सूत गुंडाळलेलं, डाळिंबी.
ती पदराला बांधली. दाखवली नाही कोणाला.

मामाजी खाटेवरून पाहत होते.
"तिथं पाय राहतेत वं," म्हणाले.

चाळीस वर्षं तिथं त्यांचे पाय होते,
पावडीवर, एक वर, एक खाली.
माझ्या हातात घमेलं.
ओतावं की ठेवून द्यावं कळेना.
दुपारचा उजेड भिंतीला टेकला होता.

मग म्हणाले,
"उजव्या कोपऱ्यात पाणी मुरते.
तिथं नको लावू. सडन."

श्रावणात वालाची एक बी मी काठाशी खोचली
आणि वेलासाठी एक सुतळी मागितली.
दुपारी भांडी घासून आले तर
खड्ड्याच्या काठापासून वरच्या मयालीपर्यंत
बावीस सुतळ्या.
मोजपट्टी घरात नाही,
तरी दोघींमधलं अंतर सगळीकडे तेवढंच.
वेलानं त्यातल्या तीन धरल्या.
शेंगा आल्या नाहीत, उजेड पुरला नाही,
पानंच पानं.
उरलेल्या एकोणीस तशाच आहेत.
सकाळी चहाच्या आधी
मामाजी त्यांवरून एक बोट फिरवतात,
सैल झालेली आवळतात.
नवऱ्याचं डोकं रोज अडकतं.
"कापू का?" तो एकदाच विचारून बसला.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली.
उकरलं तर पावशेरही भरलं नाही.
मी नळाखाली धरणार होते,
पण मामाजींनी हात पुढं केला.
बादलीजवळ उकिडवे बसले,
तांब्यानं थोडं थोडं पाणी घेत,
त्या आखूड, जाड बोटांच्या बेचक्यांतली माती
अंगठ्यानं काढत राहिले,
दिवसभर काम करून आलेल्या माणसाची काढावी तशी.
चहा उतू गेला तरी
मी हाक मारली नाही.